पडू नये म्हणून बांधलेले हात



तेरावा अध्याय चालू आहे. अमानित्व झालं, अदंभित्व झालं, अहिंसेवर आज आपला तिसरा दिवस. एका शब्दावर किती दिवस, असं दोघातिघांनी विचारलं. काय करणार, माउलीच इथे रेंगाळलेत! गीतेत अहिंसा हा एक शब्द, ज्ञानेश्वरीत त्यावर ओव्यांमागून ओव्या. आणि गंमत म्हणजे त्यात 'मारू नका' हे सांगण्यापेक्षा तो माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, त्याचे हात कसे हलतात, यावरच जास्त भर आहे. पाऊल किती हलकं पडावं हे सांगताना मांजरीचा दृष्टांत येतो. ती पिलू तोंडात धरून नेते तेव्हा तिचे दात त्याला जितपत लागतात, तितपतच या माणसाचं पाऊल जमिनीला लागतं. दात तेच, ज्यांनी उंदीर मरतो. पिलाला मात्र ओरखडा नाही. पुढे हातांचं वर्णन आहे: ते उचलले जातात ते पडलेल्याला आधार द्यायला, नाहीतर पीडिताला हलकेच स्पर्श करायला.

हे वाचताना मला दरवेळी वृद्धांचं केअर सेंटर आठवतं. (आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की छोटं हॉस्पिटलच डोळ्यांसमोर येतं. मी म्हणतोय ते अंथरुणाला खिळलेल्या किंवा विसरभोळेपणा खूप वाढलेल्या माणसांना कायमचं ठेवतात ते.) तिथे दिवसभर एकाचं शरीर दुसऱ्याच्या हातांत असतं. उचलणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं. मांजरीचा दृष्टांत तिथे रोज शंभर वेळा खरा किंवा खोटा ठरतो.

अशाच एका ठिकाणी आमच्या ओळखीतले एक आजोबा आहेत. रात्री उठून चालायला लागतात, म्हणून त्यांचं मनगट बँडेजच्या पट्टीनं कॉटच्या कठड्याला बांधतात. कोणी मारत नाही, ओरडत नाही. मावशी प्रेमळ आहेत, "आजोबा, आता झोपा हं," म्हणत गाठ मारतात. विचारलं तर उत्तर तयार: "दादा, सेफ्टीसाठी आहे. पडले तर खुब्याचं हाड जाईल."

आता सांगा, ही हिंसा की अहिंसा? हेतू चांगला आहे. भीती खरी आहे. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळ जण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही.

पण बांधलेल्या माणसाचं काय होतं तेही बघू. त्याला कूस बदलता येत नाही, मग माकडहाडावर आणि टाचांवर बेडसोर होतात. लघवीला उठता येत नाही, म्हणजे डायपर आलाच. न वापरलेले पाय म्हातारपणात फार भराभर सुकतात, त्यामुळे ज्या दिवशी सोडाल त्या दिवशी पडण्याची शक्यता उलट वाढलेली. कठडा ओलांडायला गेलेला माणूस तर नुसत्या कॉटवरून पडला असता त्यापेक्षा जास्त उंचीवरून पडतो. अमेरिकेत १९८७ साली नर्सिंग होम्ससाठी कायदा झाला. उपचाराची गरज नसताना, शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला बांधायचं नाही, आणि गोळ्या देऊन गुंगीतही ठेवायचं नाही, असा हक्क त्यात आला. त्या काळात तिथे जे अभ्यास झाले त्यांत बांधल्यामुळे गंभीर दुखापती कमी होतात असं काही दिसलं नाही.

मी रोज ज्या धंद्यात आहे तिथे एक साधी गोष्ट सगळ्यांना कळते. सर्व्हर बंद करून ठेवला तर तो कधीच क्रॅश होत नाही. रिपोर्ट एकदम स्वच्छ येतो. पण त्याला कोणी 'सिस्टीम सेफ आहे' म्हणत नाही!

मग आजोबा रात्री उठतात का, हे विचारायला हवं. बऱ्याचदा कारण अगदी साधं असतं, लघवीला लागलेली असते. झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा उठवून नेलं, कॉट खाली घेतली, मंद दिवा ठेवला, न घसरणाऱ्या चपला दिल्या, कमोड जवळ आणला, झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेतल्या, की धोका कमी होतो. शून्य होत नाही. आणि या सगळ्याला रात्री जागं माणूस लागतं. बारा तासांच्या ड्यूटीत एका मावशींकडे दहा-बारा कॉट असतील तर पट्टी बांधणं हे त्यांचं क्रौर्य नाही, त्यांच्यापुढे उरलेला तो एकच मार्ग आहे. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसोपचार संस्थांना स्पष्ट बजावलंय की केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येणार नाही. केअर सेंटरच्या संचालकांनी हे वाक्य स्वतःला लावून बघायला काय हरकत आहे?

पण संचालकांवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. फी भरणारे आपण काय मागतो? फोनवर पहिला प्रश्न: "पडले नाहीत ना?" पडले तर भांडायला जातो. बाबा आज किती पावलं चालले, हे कोणी विचारत नाही. आपण जे विचारतो तेच सेंटर सांभाळणार. ती गाठ मावशी मारतात, पण त्यात आपली भीतीही असते. आजोबांना पडण्याची भीती किती आहे ते कोणी त्यांना विचारलेलंच नाही. माउलींच्या वर्णनातला माणूस जपून चालतो तो समोरच्या जिवाला इजा होऊ नये म्हणून, आपल्यावर बोल येऊ नये म्हणून नव्हे. पट्टीच्या बाबतीत मला हा फरक निर्णायक वाटतो.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर जरूर भांडा. पडण्याची थोडी जोखीम ठेवून मोकळं राहणं हे बांधून सुरक्षित राहण्यापेक्षा अहिंसेच्या जवळचं आहे. मात्र ती जोखीम त्या माणसाची आहे, म्हणून त्याचं बोलणं नीट चालू असतानाच त्याला विचारायला हवं. मागच्या महिन्यात मी आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला बांधू नका रे. पडले तर पडले. पण रात्री हाक मारली तर कोणीतरी ओ द्यायला हवं." मग तिनं मला निवडलेली मेथी धुवायला दिली.

उद्यापासून क्षांती. केअर सेंटरमध्ये कोणी तुमचं माणूस असेल तर या आठवड्यात रात्री नवानंतर एकदा जाऊन या. टाचा बघा, मनगटं बघा. मावशींना जेवण झालं का तेही विचारा.