सामाईक अंगणाची वर्गणी

आमच्या वसाहतीची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी कॉमन प्लॉटवरच भरते. खुर्च्या मांडल्या जातात, गतवर्षीचा जमाखर्च वाचला जातो आणि मग खजिनदार थकबाकीदारांची यादी वाचतात. यंदाही ती वाचली गेली. यादीत सात नावे होती. त्यांपैकी एक गृहस्थ उठून म्हणाले, "घर माझे, भिंती माझ्या, छप्पर माझे. या बागेत मी वर्षभरात पाऊल टाकत नाही. जे मी वापरत नाही, त्याचे पैसे मी का भरावेत?" सभेत गलका झाला. कोणी त्यांना चिक्कू म्हटले, कोणी कायद्याचा धाक घातला. प्रश्नाचे उत्तर मात्र कोणीच दिले नाही. आम्हीही दिले नाही. घरी परतल्यावर वाटू लागले, की प्रश्न रागाच्या भरात विचारलेला असला तरी पोकळ नाही. त्याला आपल्यापाशी उत्तर आहे का, हे एकदा स्वतःशी तपासून पाहिले पाहिजे.

सुरत शहर आडवे पसरले ते बऱ्याच अंशी रो-हाउसच्या वसाहतींनी. अडाजण, कतारगाम, डिंडोली, कुठेही जा. एकाला एक लागून घरांच्या रांगा, मध्ये अंतर्गत रस्ता, तोंडाशी फाटक आणि एका कोपऱ्यात मोकळी ठेवलेली सामाईक जमीन. इथे तिला सगळेच कॉमन प्लॉट म्हणतात. बहुमजली इमारतीत छप्पर सर्वांचे, जिना सर्वांचा. त्यामुळे सामाईकपणा डोळ्यांआड करता येत नाही. रो-हाउसमध्ये तो सहज विसरता येतो. ज्याचे त्याचे छप्पर, ज्याचा त्याचा दरवाजा. सामाईक उरते ते रस्ता, दिवे, पाण्याची टाकी आणि मोटर, गटारे, वॉचमन आणि तो कॉमन प्लॉट. यांची देखभाल करण्यासाठी गुजरातेत अनेक ठिकाणी 'सर्व्हिस सोसायटी' नोंदवलेली असते. १९६१च्या गुजरात सहकारी संस्था अधिनियमानुसार तिचा कारभार चालतो आणि वर्गणीची वसुलीही तिला करता येते. परंतु कायदा फार तर पैसे कसे वसूल करावेत हे सांगेल. ते मुळात देणे का लागतो, हे आपले आपणच ठरवायचे असते.

त्या गृहस्थांच्या प्रश्नामागे एक गृहीत आहे. देखभालखर्च ही एक किंमत आहे, आणि किंमत घेतलेल्या वस्तूचीच द्यायची असते. भाजी घेतली नाही तर भाजीवाल्याला पैसे देत नाहीत, तसेच हे. बाजाराच्या शहरात हा विचार स्वाभाविकच म्हणावा लागेल. पण तो सामाईक गोष्टींना लावू गेले की अडचणी सुरू होतात. या बाबतीत शेजारच्या महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी पाहण्यासारखे आहेत. तिथे पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार वाटली जाते. म्हणजे वापराचे तत्त्व काही अंशी मानले आहे. सेवाशुल्क मात्र घर लहान असो की मोठे, सर्वांना सारखे. लिफ्टचा खर्चही ज्या इमारतीत ती आहे तिथल्या सर्व सभासदांवर समान, मग कोणी ती वापरो वा न वापरो. त्याच राज्यात १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली मात्र खर्च मालकीच्या हिश्श्याच्या प्रमाणात विभागतात. एकाच राज्यात, एकाच प्रकारच्या खर्चाला तीन मापे! यावरून वाटणीचे माप काय असावे याविषयी प्रामाणिक मतभेद संभवतात, हे दिसते. पण या तिन्ही मापांत एक गोष्ट समान आहे. 'मी वापरले नाही, म्हणून माझा वाटा शून्य' असे सामाईक देखभालीविषयी कोणतेच माप म्हणत नाही.

असे का असावे? तळमजल्यावरचा माणूस लिफ्टने जात नाही हे खरेच. पण लिफ्ट असलेल्या इमारतीत त्याचे घर आहे, आणि इमारत नांदती राहण्यावर त्याच्या घराचे नांदणे अवलंबून आहे. बागेचेही तसेच. आपण तिच्यात फिरत नसू. पण तिथे उकिरडा झाला तर त्याची दुर्गंधी फिरायला न येणाऱ्यांना वगळून पसरत नाही. सुरतेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. सप्टेंबर १९९४मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे शहर सोडून गेली. त्या वेळीही इथली बहुतेक घरे आतून लख्ख होती. केर उंबऱ्याबाहेर लोटला की आपली जबाबदारी संपली, अशी आपली समजूत होती, आणि उंबऱ्याबाहेर जे साचत गेले त्याला कोणी धनी नव्हता. १९९५मध्ये आयुक्तपदी आलेल्या एस. आर. राव यांच्या काळात शहराचा कायापालट झाला, त्याचे कौतुक देशभर झाले. त्या कायापालटाचे मर्म साधे होते. उंबऱ्याबाहेरच्या जागेलाही धनी असतो, हे शहराला मान्य करावे लागले.

यावर दुसरा आक्षेप येतो आणि तो अधिक वजनदार आहे. "आम्ही महापालिकेला घरपट्टी भरतो. रस्ते, दिवे, स्वच्छता हे तिचे काम. मग एकाच कामाचे पैसे दोनदा का?" या तक्रारीत तथ्य आहे. गुजरात शासनानेही ते अंशतः मान्य केले, असे म्हणता येईल. खासगी सोसायट्यांच्या जनभागीदारी योजनेत अंतर्गत रस्त्यांसारख्या कामांचा सत्तर टक्के खर्च शासन उचलते, दहा टक्के स्थानिक संस्था आणि वीस टक्के रहिवासी. पण त्या उरलेल्या वीस टक्क्यांतही एक विचार आहे. आपण फाटक लावतो, फाटकावर वॉचमन बसवतो, परक्यांनी आत येऊ नये अशी व्यवस्था करतो. जे आपण इतरांपासून राखून ठेवले, त्याचा सगळा भार त्या इतरांनी उचलावा, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? फाटक आपले, तर फाटकाच्या आतला केरही आपलाच.

तिसरा आक्षेप संमतीचा. अमेरिकन विचारवंत रॉबर्ट नोझिक यांनी १९७४च्या आपल्या ग्रंथात एक दृष्टान्त दिला आहे. एका वस्तीतले लोक ध्वनिक्षेपकावरून करमणुकीचे कार्यक्रम सुरू करतात आणि प्रत्येकाला वर्षातून एक दिवस तो चालवण्याची पाळी लावून देतात. तुम्ही ते कार्यक्रम कधीमधी ऐकले, हसलातही. पण तुमची पाळी आली म्हणून आपला एक दिवस देण्यास तुम्ही बांधील आहात काय? नोझिक यांचे उत्तर नकारार्थी आहे. न मागता दिलेल्या सुखाचे बिल नंतर हातात ठेवता येत नाही. एच. एल. ए. हार्ट यांनी १९५५मध्ये मांडलेल्या तत्त्वाला हा त्यांचा आक्षेप होता. एका सामाईक उपक्रमात काहींनी नियम पाळून स्वतःला मुरड घातली असेल, तर त्याचा लाभ घेणाऱ्यांनीही तशीच मुरड घालावी, असे हार्ट यांचे म्हणणे.

या वादात आम्हाला दोघांकडूनही काही शिकावेसे वाटते. घर विकत घेताना सामाईक जमीन आणि तिचा खर्च त्या व्यवहाराचाच भाग होता. तेव्हा टाकी, गटार, दिवे, वॉचमन यांचा खर्च कोणी आपल्यावर लादला असे म्हणता येणार नाही. पण एखाद्या वर्षी कार्यकारिणीला कारंजे बसवण्याची हौस येते, फाटकावर कमान उभारावीशी वाटते, आणि बहुमताच्या जोरावर तो खर्च सर्वांच्या माथी मारला जातो. तिथे नोझिक यांचे बोट नेमके जागेवर पडते. आहे ते राखणे आणि हवे ते वाढवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राखण्यासाठी बहुमताने अल्पमताला बांधून घेणे न्याय्य आहे. हौसेसाठी मात्र ज्याची हौस त्याने खर्च करावा, किंवा सर्वांची मने वळवावीत. मेंटेनन्सवरून होणाऱ्या भांडणांपैकी बरीच भांडणे, आमच्या मते, या दोन गोष्टी एकाच पावतीत घातल्यामुळे होतात.

सुरतेतील आपल्या मराठी वस्तीचा मोठा भाग खानदेशातून आलेला आहे. त्यामुळे धुळे परिसरातील फड पद्धतीची इथे आठवण होणे साहजिक आहे. पांझरेवर बंधारे घालून पाटाने शेते भिजवण्याची ही व्यवस्था कित्येक शतके शेतकऱ्यांनी स्वतः चालवली. जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि पाणी वाटण्यासाठी व राखणीसाठी पाटकरी, जागल्या, हवालदार हे शेतकऱ्यांनीच पोसलेले. पाटातला गाळ सर्वांनी मिळून काढायचा. पाटाच्या तोंडाशी शेत असलेला माणूस म्हणू शकला असता, की शेपटाकडचा गाळ मी का काढू, माझे पाणी तर वरच मिळते. तसे तो म्हणता तर पाट टिकला नसता. आणि पाट टिकला नसता तर पुढच्या टंचाईत त्याच्या वाट्याचे रक्षण करायलाही कोणी उरले नसते. सामाईक साधनांचे व्यवस्थापन लोक स्वतः उत्तम करू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांवरून दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या पूर्वजांना ते पाटाच्या काठावर ठाऊक होते.

तेव्हा त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर असे. आपण वापराची किंमत देत नाही. आपण एकमेकांचे शेजारी असण्यातला आपला वाटा देतो. ऑगस्ट २००६च्या पुरात उकाईचे पाणी तापीतून शहरात शिरले, बहुतांश सुरत पाण्याखाली गेली, तेव्हा खालच्या घरांतली माणसे वरच्या मजल्यांवर आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर राहिली. त्या दिवसांत कोणी कोणाच्या जिन्याचा वापर मोजला नाही. सामाईक जागा ही रोज लागणारी वस्तू नसेल, पण जेव्हा लागते तेव्हा ती आधीपासून राखलेली असावी लागते.

पण उत्तर इथे संपवले तर ते अर्धेच राहील. देणे लागणे जितके खरे, तितकाच हिशेब मागण्याचा हक्कही खरा. हेच गृहस्थ भाद्रपदात त्याच कॉमन प्लॉटवरच्या गणपतीला विनातक्रार वर्गणी देतात. तिथे काय निराळे असते? मुले दारी येतात, पावती फाडतात आणि विसर्जनानंतर पै-पैचा हिशेब मांडवाच्या फलकावर लागतो. सोसायटीच्या हिशेबात मात्र 'किरकोळ खर्च' या शीर्षकाखाली मोठी रक्कम असते, आणि तिच्याविषयी विचारणारा भांडखोर ठरतो. हिशेबासाठी पैसे अडवून धरणे आम्हाला योग्य वाटत नाही, कारण वॉचमनचा पगार त्यात अडकतो. पण ज्या कार्यकारिणीने हिशेब झाकला, तिने थकबाकीदाराला नीती शिकवू नये.

आता यादीतल्या सातव्या नावाकडे येतो. ते नाव एका वृद्ध, एकट्या राहणाऱ्या बाईंचे होते. त्यांनी देणे नाकारले नव्हते, त्यांच्याजवळ नव्हते. सभेत नाव उच्चारले गेले तेव्हा त्या मागच्या खुर्चीवर बसून होत्या. सभा संपण्याआधीच उठून गेल्या. नाकारणारा आणि न परवडणारा यांना आम्ही एकाच यादीत बसवले, आणि मोठ्याने वाचले. बागेवरचा वाद आम्ही तासभर ऐकला. त्या उठून गेल्या, हे पाहूनही आम्ही जागचे हललो नाही. ज्या शेजारपणाच्या नावाने आम्ही त्या गृहस्थांकडून वर्गणी मागतो, त्याच शेजारपणाने बाईंची बाकी वाटून घेण्याची किंवा निदान ती चारचौघांत न वाचण्याची अपेक्षा केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे-तिघे त्यांच्या दारी गेलो. त्यांनी चहा केला. बाकीचा विषय आम्ही काढला नाही. त्यांनीच काढला आणि दिवाळीपर्यंत मुदत मागितली. ती देण्याचा अधिकार आम्हाला नव्हता, तरी आम्ही हो म्हणालो. पुढच्या सभेत ठराव मांडायचा आहे, की यादी वाचण्याआधी प्रत्येक नावाच्या दारी कोणीतरी जाऊन यावे. त्या प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या दारीही जायचे आहे. हिशेबाचे कागद मात्र बरोबर नेले पाहिजेत.