गल्ल्यातले पैसे कोणाचे?



हिजरतनंतर मदीनेच्या ह. सअद बिन रबीअ (रजि.) यांनी ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि बाजार कोठे आहे एवढेच विचारले. ते बाजारातून परतले ते थोडे पनीर व तूप घेऊनच. हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे, आणि सांगणारा बहुधा ह. सअद यांच्या औदार्यावर थांबतो. परंतु बुखारी शरीफमधील या हदीसमध्ये त्या पनीर-तुपासाठी जो अरबी शब्द आला आहे, त्याचा अर्थ ‘शिल्लक उरणे’ असा आहे. घरी आणले ते व्यवहारातून उरलेले होते.

आता आपल्या भातकुलीसारख्या गावातील एखादे किराणा दुकान डोळ्यांपुढे आणा. हा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे शेती मुख्यतः पावसावर. सोयाबीन, तूर, कापूस निघाल्यावर गावात पैसा खेळतो. तोपर्यंत वहीत उधारी चढत जाते. दुकानदार अमरावतीहून माल आणतो, तोही बराचसा उधारीवर. सायंकाळी गल्ला उघडला की नोटा दिसतात. त्यांतूनच भाजी येते, मुलांची फी जाते, लग्नाचा आहेरही निघतो. ‘धंदा कसा आहे?’ असे विचारले तर उत्तर मिळते, ‘अल्हम्दुलिल्लाह, गल्ला चांगला आहे.’

गल्ला चांगला असेल. नफा आहे काय?

उदाहरणादाखल समजा, महिन्याची विक्री १,५०,००० रुपये आहे. विकलेल्या मालाची खरेदी १,२९,००० रुपयांची. उरले २१,०००. त्यांतून दुकानभाडे ३,०००, वीज १,२००, माल आणण्याचे गाडीभाडे १,८०० आणि हाताखालच्या मुलाचा पगार ६,००० गेला की ९,००० उरतात. उंदरांनी कुरतडलेले, मुदत संपलेले, सांडलेले असे १,००० धरा. हाती आले ८,०००. आणि घरखर्चासाठी गल्ल्यातून उचलले गेले १४,०००. म्हणजे दरमहा ६,००० रुपये नफ्याबाहेरचे खाल्ले गेले, वर्षाला ७२,०००. फडताळे एका दिवसात रिकामी होत नाहीत, म्हणून हे दिसत नाही. दिसते ते दिवाळीच्या सुमारास, जेव्हा ठोक व्यापारी जुनी बाकी मागतो आणि दुकानदार ‘बरकत उडाली’ किंवा ‘कोणाची नजर लागली’ असे म्हणू लागतो. नजर लागणे सत्य आहे, हदीसमध्ये त्याचा उल्लेख आहे; पण येथे आधी वही पाहावी.

ते ७२,००० आले कोठून? स्वतःचे भांडवल असेल तर त्यातून. नसेल तर ठोक व्यापाऱ्याच्या मालातून. ज्या मालाची किंमत चुकती व्हायची आहे, तो विकून आलेला पैसा आपण घरात खर्च करतो, तेव्हा दुसऱ्याच्या हक्कावर आपले घर चालते. महिना भरूनही न दिलेली मजुरी गल्ल्यात असते. वडिलांच्या पश्चात दुकान तसेच चालू राहिले आणि वारसाहक्काची वाटणी झालीच नाही, तर बहिणीचा हिस्साही त्याच गल्ल्यात असतो. भाऊ वर्षानुवर्षे ‘आमचे दुकान’ म्हणत राहतात आणि तिला ईदला साडी पोहोचते. साडी ही भेट आहे. सूरह निसाने ठरवून दिलेला हिस्सा तिने फिटत नाही.

इस्लामी धर्मशास्त्रात मुदारबत नावाचा व्यवहार आहे : एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम, नफ्यात दोघांची ठरलेली वाटणी. त्यातील नियम असा की, आधी भांडवल पूर्ण झाले पाहिजे; तूट आली असेल तर ती नफ्यातून भरून निघेल आणि त्यानंतर उरेल त्यालाच नफा म्हणावे. दुकान एकट्याचे असले तरी हे माप लावून पाहावे. माझी सूचना साधी आहे. दुकानाची पेटी वेगळी आणि घराचा बटवा वेगळा ठेवा. दर महिन्याला ठरावीक रक्कमच घरी न्या, आणि ती हिशेबाने निघणाऱ्या शिलकेपेक्षा कमी असू द्या. हे घरातील बायकोलाही माहीत असावे. न सांगता काटकसर अपेक्षिणे हा तिच्यावर अन्याय आहे. नाहीतर तूट झाकण्यासाठी माणूस एक दिवस व्याजाच्या दारात उभा राहतो, आणि मग ‘नाइलाज होता’ असे म्हणतो.

हिशेब, जमा, बाकी, वसूल, रक्कम, नफा : मराठी व्यापाऱ्याच्या वहीतील हे शब्द मुळात अरबीच आहेत. कयामतच्या दिवसासाठी आपण जो हिशेब शब्द वापरतो, तोच हा.

वही नसेल तर जकातही अंदाजाने निघते. अनेक दुकानदार रमजानमध्ये खिशाला झेपेल तेवढे वाटतात आणि जकात दिली असे मानतात. रीत अशी : चांद्रवर्षातील आपली एक तारीख ठरवावी. त्या दिवशी विक्रीच्या मालाची बाजारभावाने किंमत, रोकड आणि येण्याची खात्री असलेली उधारी मिळवावी. देणे वजा करावे. तराजू, फ्रीज, फडताळे यांवर जकात नाही. माल ३,२०,०००, रोकड ३०,०००, उधारी ५०,००० आणि देणे १,००,००० असेल तर ३,००,००० उरतात. ही रक्कम निसाबएवढी, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी वा अधिक असेल, तर चाळिसावा भाग, ७,५०० रुपये, जकात होते.

उधारीविषयी दोन शब्द. सूरह बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतील कर्जदाराला सवड देण्याचा आदेश आहे, आणि माफ करणे अधिक चांगले म्हटले आहे. २८२ व्या आयतीत, जी कुरआनची सर्वांत दीर्घ आयत आहे, देणेघेणे मुदतीसह लिहून ठेवण्याचा आदेश आहे. पाऊस रुसला आणि गिऱ्हाईक देऊ शकत नसेल तर सवड द्या; पण लिहा. आणि बुडीत उधारी माफ करून ती जकातीत धरू नका. हनफी मतानुसार जकात गरजूच्या हाती पडावी लागते. नुसते खाते खोडल्याने ती अदा होत नाही. तो मनुष्य जकातीस पात्र असेल तर रक्कम प्रत्यक्ष त्याच्या हातात द्या, ती त्याची होऊ द्या. नंतर त्याच पैशांतून त्याने आपली उधारी फेडली तर ती खुशाल जमा करून घ्या.