क्षमा की भीती?



चोरी झाली, फोनवरून कुणी पैसे काढून घेतले, की आपल्यातले बरेच जण म्हणतात, "जाऊ दे, आपलं प्रारब्ध. देव बघून घेईल." पोलिसांत जायचं नावच काढत नाहीत. ही क्षमा आहे का?

आपण आपल्या मनाला विचारू या. लोक काय म्हणतील, मुलं रागावतील, ठाण्याची पायरी नको, म्हणून गप्प बसलो तर ती भीती झाली. क्षमा म्हणजे मनातला द्वेष सोडणं. द्वेष न ठेवताही तक्रार देता येते. आपण गप्प राहिलो, तर तोच माणूस उद्या दुसऱ्या म्हाताऱ्या आईला फोन करणार.

थोडं व्यवहाराचं. पैसे ऑनलाइन गेले तर लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात. 'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काहीच नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याप्रमाणे गुन्हा इंदूरला घडला तरी तक्रार बेळगावच्या ठाण्यात देता येते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

ठाण्यात हेलपाटे पडतात, हे खरंच आहे. म्हणून कुणाला एकटं पाठवू नये, आपल्यापैकी कुणीतरी सोबत जावं. आणि घरात "तू फसलीसच कशी?" हा प्रश्न आधी बंद करावा. पुष्कळ तक्रारी त्या एका प्रश्नापाशीच अडतात.

फसलेल्याच्या पाठीशी उभं राहणं, हीसुद्धा सेवाच आहे.