आषाढातले तत्त्व आणि मार्गशीर्षातले

शेजारच्या दोन खातेदारांत पाण्यावरून जो तंटा उभा राहतो, त्यात ऋतूबरोबर दोघांची तत्त्वेही पालटतात. आषाढात वरच्या वावराचे पाणी ताल फोडून खाली घुसू लागले, की पाणी उतारानेच जाणार असा सृष्टिनियम वरचा मालक सांगतो, आणि खालचा मालक बांधावर माती चढवीत त्याला हद्दीची आठवण देतो. मार्गशीर्षात, गव्हाला दारे धरायच्या दिवसांत, हेच दोघे ओढ्याकाठी भेटले, म्हणजे प्रवाहात आडवा बांध घालून बसलेला वरचा हद्दीची भाषा बोलतो आणि सृष्टिनियमाचा कैवार खालच्याकडे जातो.

कायदा मात्र ऋतू पाहत नाही. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिक रीतीने वाहत आले तर खालच्याने ते येऊ द्यावे, आणि वाहत्या ओढ्याचे पाणी काठच्या मालकाने जरूर वापरावे, परंतु तसाच हक्क असलेल्या इतरांची भरीव हानी करू नये, ही दोन्ही बंधने १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्याने एकाच कलमाखाली नमूद केली आहेत. पुढे मुंबई इलाख्याच्या १९०६ च्या कायद्याने अशा पाण्याच्या वाटेतील बेकायदा व नुकसानकारक अडथळा दूर करविण्याचा अधिकार मामलेदारास दिला. परंतु फिर्यादी आणि सामनेवाला या दोघांनाही आपापल्या सोयीचे तेवढेच बंधन स्मरते, आणि दुसऱ्याचे स्मरण करून देणारा हुकूम कोणत्याही कचेरीतून सुटत नाही. धर्माचा प्रश्न येथे सुरू होतो.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय शस्त्रे घेऊन समोरासमोर आले, तेव्हा पाण्याचे मोल अधिक की माणसांचे, असे बुद्धांनी त्यांस विचारले, अशी कथा पाली अट्ठकथांत आहे. त्या प्रश्नाने शस्त्रे खाली येतात हे खरे. पण सुकत चाललेल्या पिकाला पाणी कोणी कोणत्या क्रमाने द्यावे, हे ठरवावयाचे उरतेच, आणि ते न ठरविता केलेला शांतीचा उपदेश बहुधा दुबळ्याच्या पदरी तहान टाकून मोकळा होतो.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरील जुन्या फड पद्धतीने हे कोडे उपदेशावाचून सोडविले. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागलेले, बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत, आणि पाणी देणारा पाटकरी सर्वांचा. टंचाईच्या साली भिजवायचे फडच कमी करीत, त्यामुळे तूट एकट्याच्या माथी न येता सर्वांच्या वाट्याला येई. जो एका फडात वरचा, तो दुसऱ्यात खालचा असू शके. मग तत्त्व पालटून त्याचा लाभ काय?

जे तत्त्व शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहूनही खरे वाटते, तेवढेच धर्माचे. बाकीचा निव्वळ वकिली युक्तिवाद. म्हणून मामलेदाराकडे निघालेल्याने आपला आषाढातला अर्ज एकदा मार्गशीर्षात, स्वतःच्याच विरुद्ध, वाचून पाहावा, आणि तेव्हाही तो न्याय्य वाटला तर खुशाल गुदरावा. कायद्याने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिलेली आहे. तेवढ्यात आषाढ सरून मार्गशीर्ष लागतो.