बंद दाराआडचे बोलणे



शहरात भाड्याची खोली घेताना आडनाव सांगायचे टाळणारा कोणी ना कोणी आपल्या नात्यात असतोच. असा माणूस चारचौघांत गप्प राहतो. परंतु आज मोबाईलवर ओळखीच्यांचे बंद गट असतात, तिथे तो मोकळा होतो. घरमालकाने काय विचारले, कचेरीत डबा खाताना काय घडले, सारे सांगतो. शहरातील जातीचा अभ्यास करणाऱ्याला याहून खरी माहिती कुठे मिळणार? मग त्याने खोटे नाव घेऊन त्या गटात शिरावे काय?

हा प्रश्न मोबाईलच्या आधीचा आहे. अमेरिकेत लॉड हम्फ्रीज या समाजशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात, सार्वजनिक शौचालयांत चोरून भेटणाऱ्या समलिंगी संबंधांतील पुरुषांचा अभ्यास केला. तेव्हा तिथे तो गुन्हा होता. बाहेरून कोणी येते काय हे पाहणारा पहारेकरी बनून तो त्यांच्यात वावरला. आपण अभ्यासक आहोत हे बहुतेकांना सांगितले नाही. त्यांच्या मोटारींचे क्रमांक टिपले, त्यावरून पत्ते मिळवले आणि सुमारे वर्षभराने रूप पालटून, आरोग्याची पाहणी करतो असे सांगून त्यांच्या घरी गेला. १९७० साली पुस्तक निघाले. त्यातून कळले ते मोलाचे होते. त्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक विवाहित, संसारी होते. समाजाने रंगवलेले भयंकर चित्र खोटे होते. पुस्तकाला पारितोषिक मिळाले आणि निंदाही झाली.

ती यादी पोलिसांच्या हाती पडली असती तर? हम्फ्रीजने नावे कुलुपात ठेवली, पुढे नष्ट केली, हे खरे. पण धोका पत्करला त्याने, आणि संसार मोडले असते दुसऱ्यांचे!

न दिलेले घेऊ नये, असे आपण नित्य म्हणतो. ते काय फक्त भांड्या-पैशापुरते? विश्वासाने बोललेला शब्दही कोणाला तरी दिलेला असतो.

अभ्यासक म्हणतात, खरे नाव सांगितले की लोक बोलायचे थांबतात. थांबतात खरे. त्यामुळे आपल्यावरचा अन्याय पुष्कळदा पुराव्यावाचून राहतो, आणि हे नुकसान आपलेच आहे. ते मी लहान मानत नाही. तरीही अभ्यासकाने आपली ओळख देऊन दार ठोठवावे, नकार मिळाल्यास परत फिरावे, असेच मला वाटते. (वेश पालटून शिरणारे बहुधा भ्यालेल्यांच्याच खोलीत शिरतात, घरमालकांच्या बैठकीत क्वचित.)

तुमच्या गटात असा कोणी नाव सांगून आला, तर गटप्रमुखाच्या होकारावर थांबू नका. ज्याची हकीकत लिहायची, त्या माणसाला आधी विचारा. खोली त्याची जाणार आहे.