दाणे टाकणारा हात

मराठीत 'पाळणे' या क्रियापदाचा संसार मोठा आहे. कोंबडी पाळली जाते, तसा शब्दही पाळला जातो; व्रत, पथ्य, वेळ, सुतक याही पाळण्याच्याच गोष्टी होत. प्राण्याला घरी ठेवणे आणि दिलेल्या वचनाला जागणे या दोन्ही कृतींसाठी भाषेने एकच शब्द वापरावा, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु अंगणात कोंबड्यांचा नवा कळप आणणाऱ्या माणसाच्या संदर्भात हा शब्द तपासू लागले, की त्याच्या दोन अर्थांमधील नाते आकस्मिक वाटेनासे होते.

दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम या पट्ट्यात अजून जुन्या खेड्यांची घरे शहराच्या पोटात तग धरून आहेत. त्यांच्या अंगणांत कोंबड्या नव्या नाहीत. नवा आहे तो हौसेने कोंबडी पाळणारा शहरी माणूस. 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील एकूण कुक्कुटधन 85 कोटींच्या वर होते आणि त्यातील सुमारे 31 कोटी 70 लाख पक्षी परसातले होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची ही संख्या जवळजवळ 46 टक्क्यांनी वाढलेली होती. यातला बहुतांश वाटा ग्रामीण गरजेचा आहे, हौसेचा नव्हे. तरीही ज्या घरात हौसेने चार तलंगा येतात, तेथे पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: यांना खाऊ काय द्यायचा? या साध्या प्रश्नाच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. खाऊ देणे म्हणजे प्रेम करणे काय? आणि ज्याच्या हातून एखादा जीव दाणे टिपू लागतो, तो त्या जिवाचे काय देणे लागतो?

'खाऊ' हा खास मराठी मायेचा शब्द आहे. भुकेसाठी जे दिले जाते ते अन्न. बाहेरून येणाऱ्या वडीलधाऱ्याच्या पिशवीतून निघतो तो खाऊ. त्यात घेणाऱ्याच्या आनंदाइतकाच, किंबहुना अधिक, देणाऱ्याचा आनंद असतो. त्याच्या समोर दुसरा एक शब्द उभा करून पाहावा, तो म्हणजे 'आमिष'. या संस्कृत शब्दाचा एक अर्थ मांस, आणि दुसरा अर्थ गळाला लावलेले प्रलोभन. मुठीतले दाणे पाहून धावत येणाऱ्या कोंबडीला खाऊ आणि आमिष यांतला भेद कळण्याचा संभव नाही. दाणा तोच असतो. तो भेद केवळ देणाऱ्याच्या बाजूला असतो, आणि म्हणूनच त्याचा जाब देणाऱ्यालाच द्यावा लागतो.

या संबंधाच्या आरंभीच दाणा आहे, असे आजचे संशोधनही सुचविते. कोंबडीचा पूर्वज म्हणजे दक्षिण व आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीचे अवशेष थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडले असून त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 1650 ते 1250 असा आहे. भात आणि भरडधान्य यांच्या कोरडवाहू शेतीमुळे रानातले हे पक्षी मनुष्यवस्तीकडे ओढले गेले असावेत, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे माणसाने कोंबडीला प्रथम जिंकले ते पिंजऱ्याने नव्हे, तर सांडलेल्या धान्याने. त्या पहिल्या दाण्याला खाऊ म्हणावे की आमिष, याचे उत्तर पुढच्या सुमारे साडेतीन हजार वर्षांच्या व्यवहारातच शोधावे लागते.

तत्त्वज्ञानाच्या इतिहासात कोंबडीचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. बर्ट्रांड रसेल यांनी 1912 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अनुमानाची मर्यादा दाखविण्यासाठी ते योजिले. जो माणूस रोज दाणे घालतो तोच एके दिवशी मान मुरगळतो. तेव्हा कालपर्यंतच्या अनुभवावरून उद्याची खात्री बाळगणे कितपत योग्य, असा रसेल यांचा प्रश्न होता. तो प्रश्न ज्ञानाचा होता आणि चूक कोंबडीच्या पदरी होती. नीतीच्या अंगाने पाहिले तर दृष्टी कोंबडीवरून त्या माणसाकडे वळवावी लागते. कोंबडीने विश्वास ठेवला हा तिचा तर्कदोष असेलही. परंतु तो विश्वास रोज सकाळी कोणी रुजविला?

येथे दान आणि पालन यांत भेद करणे आवश्यक आहे. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञात प्राणिमात्रांसाठी अन्नाचा वाटा काढून ठेवला जातो. चांदणी चौकात कबुतरांपुढे जोंधळा टाकणारा मनुष्यही त्याच भावनेचा वारस होय. मूठ रिती झाली की दान पूर्ण होते; कबुतर कोठे झोपते, त्याला काय होते, हे दात्याने पाहावे अशी अपेक्षा नसते. या निर्धास्तपणाचीही किंमत असते, हे 2025 मध्ये मुंबई महापालिकेने सार्वजनिक आरोग्याच्या कारणास्तव दादरचा कबुतरखाना बंद केला आणि त्यावरून वाद पेटला, तेव्हा साऱ्यांच्या ध्यानात आले. पालनाची गोष्ट निराळी आहे. चोच दिली तो चाराही देईल, ही म्हण रानपाखराला लागू पडते. खुराड्यातल्या कोंबडीपुरते मात्र तिला कोंडणाऱ्यानेच त्या दात्याची जागा घेतलेली असते.

मग पालनात काय येते? त्याचा तपशील नीरस आहे, आणि त्या नीरसपणातच त्याचे मोल आहे. नवे पक्षी आणल्यावर काही आठवडे ते जुन्यांपासून वेगळे ठेवावे लागतात; राणीखेत या रोगाची लस टोचली आहे की नाही हे विचारावे लागते. नवे खुराडे हेच आपले घर, हे कळेपर्यंत काही दिवस त्यांना बंदिस्त ठेवावे लागते. त्यांच्यात कोण आधी चोच मारणार याची उतरंड ठरते, आणि ती ठरेपर्यंत दुबळ्या पक्ष्याला दाणा मिळतो की नाही हे पाहावे लागते. संतुलित खाद्य हेच त्यांचे खरे जेवण. खाऊ साऱ्या आहाराच्या एकदशांशाहून अधिक असू नये, असे जाणकार सांगतात. मक्याचे दाणे आणि उरलेला भात यांनीच पोट भरले तर प्रथिने व चुना कमी पडतो, अंड्याचे कवच पातळ होते, यकृतावर चरबी चढते. कच्चा राजमा, हिरवट पडलेल्या बटाट्याची साल, खारट तळलेले पदार्थ, बुरशी आलेली पोळी ही तर सरळ अपायकारक होत. दिल्लीचा उन्हाळा 45 अंशांवर जातो आणि कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. अशा दुपारी अन्न पचवितानाही अंगातील उष्णता वाढते, म्हणून दाणे सकाळी आणि दिवस कलल्यावर द्यायचे, दुपारी सावली आणि गार पाणी द्यायचे. संध्याकाळी मुंगूस-बोका येण्याआधी खुराड्याचे दार लावायचे, ते एकही दिवस न चुकता. यातली कोणतीही गोष्ट कोंबडी धावत येऊन साजरी करीत नाही. धावत येते ती खाऊसाठी; म्हणूनच माणसाला खाऊ देणे आवडते.

माया आणि पालन यांची फारकत किती घातक ठरते हे आठवडी बाजारांत विकल्या जाणाऱ्या रंगीत पिलांवरून दिसते. अंड्यांसाठीच्या जातीत नर पिलांचा उपयोग नसल्याने उबवणी केंद्रांत त्यांना जन्मतःच मारले जाते. काही गुलाबी-हिरव्या रंगांत बुडवून मुलांसाठी विकली जातात. मूल त्या पिलाला आपल्या हातचा भात आणि पोळीचा चुरा मोठ्या प्रेमाने भरविते. पिलाला हवी असते पहिल्या आठवड्यातली सुमारे 35 अंशांची ऊब, आणि ती कोणीच देत नाही. दोन-चार दिवसांत पिलू मरते. मुलाच्या मायेत खोट नसते. पण ती मायाच पुरेशी आहे असा समज त्याला मोठ्यांनी विकलेला असतो.

यावर एक आक्षेप संभवतो. कोंबडी अखेर अंड्यासाठी किंवा मांसासाठीच पाळली जाते. तेव्हा हा वचनाचा विचार म्हणजे शहरी भावविवशता नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यात कोंबड्यांचे चार पैसे हे बहुधा घरच्या बाईच्या हक्काचे असतात, आणि पाहुणा आला की एक कोंबडी कमी होते. ती बाई आपण कोंबडीवर माया करतो असा दावा करीत नाही. पण तिचे खुराडे तिन्हीसांजेला बंद होते, खुडूक कोंबडी तिला ओळखू येते, आणि मारायची कोंबडी पुष्कळदा रात्री अंधारात काढली जाते, दाणे दाखवून बोलावून नव्हे. यात व्यवहारच असेल; पण त्यामुळे दाण्याची हाक खोटी ठरत नाही, हेही खरे. उलट आंध्रात संक्रांतीच्या झुंजींसाठी वाढविलेल्या कोंबड्याला बदाम-काजू खाऊ घालतात आणि त्याच्या पायाला पाते बांधतात. खुराक उंची, आणि तरीही तो आमिषच. तेव्हा प्रश्न केवळ मारण्या-न मारण्याचा राहत नाही. पोसताना जे पाळायचे ते पाळले काय, आणि जे भासविले तेच मनात होते काय, हा प्रश्न आहे.

दिल्लीत या प्रश्नाची दोन टोके एकाच शहरात पाहावयास मिळतात. लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिरात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे; जायबंदी पाखरांवर तेथे विनामूल्य उपचार होतात. यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशाच्या सीमेलगत, गाझीपूरची कोंबडी मंडी आहे. पिंजऱ्यांत कोंबलेल्या पक्ष्यांच्या स्थितीविषयी भारतीय विधी आयोगाने 2017 मध्ये 269 वा अहवाल दिला; 1960 च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्यानेही, हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा अपराध ठरविलेला आहे. कायदा आहे, अहवाल आहे; परंतु ज्या पक्ष्याला कोणी कधी हाताने दाणे दिलेच नाहीत, त्याच्याशी कोणाचे वचन नसते. अंगणातल्या चार कोंबड्यांना नावे देणारा गृहस्थ बाजारातून अंड्यांचे कागदी खोके आणतो तेव्हा त्याला ही विसंगती बोचली, तर ती त्याच्या पालनाचीच एक फलश्रुती समजावी.

जानेवारी 2021 मध्ये बर्ड फ्लूमुळे गाझीपूरची मंडी काही दिवस बंद ठेवावी लागली, लाल किल्ल्याच्या आवारात मेलेल्या कावळ्यांत तो विषाणू आढळला. अशा वेळी संसर्गस्थानाच्या एक किलोमीटर परिघातील निरोगी कोंबड्याही नष्ट करण्याची शासकीय योजना असते. पाळणाऱ्याला तेव्हा आपला लाडका पक्षी स्वाधीन करावा लागतो. तो लपवून ठेवणे हे वरवर निष्ठेचे वाटेल. पण पालनाचे बंधन शेजाऱ्याच्या मुलापर्यंत पोहोचते, आणि आपल्या अंगणापुरती निष्ठा ही त्या बंधनाचीच चुकवणूक होय.

कोंबडी दोन-तीन वर्षे भरपूर अंडी देते. जगते मात्र सहा-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक. या हिशेबातल्या मधल्या वर्षांचे काय करायचे, हे चार तलंगा आणण्याआधी ठरविणे हीच पालनाची पहिली कृती असावी. काहीजण तिला मरेपर्यंत सांभाळतील, काहीजण कापून खातील. दोघांचीही बाजू मांडता येईल. तिसरा मनुष्य तिला रस्त्यावर सोडून देतो आणि आपण कोणाला मारले नाही म्हणून समाधान पावतो. त्याची बाजू मांडणे अवघड आहे. वचन पाळले गेले नाही तर दुसरा पक्ष तक्रार करतो, अशी मानवी व्यवहाराची रीत आहे. येथे दुसरा पक्ष तक्रार करणार नाही. तो दुसऱ्या दिवशीही मूठ दिसताच धावत येईल.