सोवळं मोरीपाशी संपतं का?



मार्गशीर्षातल्या उत्सवात महाप्रसाद झाला, पंगती उठल्या. रात्री कढया घासताना उरलेलं तेल-तूप आम्हीच मोरीत ओतलं. दमलो होतो, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. दोन दिवसांनी गल्लीतला चेंबर तुंबला. सफाईवाला भैया आला, बांबूनं ढोसून थिजलेल्या तुपाचे गोळे त्यानं बाहेर काढले. आमच्यापैकीच एकानं त्याला प्रसादाचा लाडू दिला, पण हात लागू नये म्हणून वरून टाकला. तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही, आणि तेच मनाला लागून राहिलंय.

आम्हा इंदूरकरांच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं. 1978 पासून ते सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून, घाट चढवून आणतात. सकाळी त्याच पाण्यानं देवाला स्नान घालतो, हात जोडतो. तेच पाणी मोरीत उतरलं की मात्र आपलं नातं तुटतं. ते कुठं गेलं हे घरात कुणाला विचारा, सांगता येणार नाही. (बेळगाव, बडोद्याच्या मंडळींनी इथं आपापली नदी घालून वाचावं.)

शहराचं बरंचसं सांडपाणी कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. तिथं आधी जाळीत चिंध्या, प्लास्टिक अडकतं, मग वाळू खाली बसते. पुढे मोठ्या हौदांत खालून हवा सोडतात आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू घाण खातात. हवा बंद केली की तेच गाळ होऊन तळाशी बसतात. वरचं पाणी काढून, क्लोरिन घालून सोडतात. नदी हे काम पूर्वी स्वतःच करायची, पण लाखो घरांचं एकदम तिला झेपत नाही. त्या जिवाणूंना आपलं तेल त्रासाचं होतं. संडासात बाटलीभर ॲसिड ओततो, तेही त्यांच्याच वाट्याला. औषधांचे अंश तर पूर्ण निघतच नाहीत.

2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. अभिमान खोटा नव्हता. पण कान्ह नदी इंदूरला थांबत नाही. सांवेरवरून ती उज्जैनला त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते, आणि खाली रामघाटावर आपणच पर्वणीचं स्नान करतो. 2016 च्या सिंहस्थाआधी कान्हचं पाणी नळातून घाटांना वळसा घालून पुढं नेलं. आता 2028 साठी त्याहून मोठा बंद नळमार्ग करताहेत. भाविकांची सोय होईल, हे चांगलंच. पण ‘पुढं’ म्हणजे कुठं? तिथंही गावं आहेत, गुरं पाणी पितात, कुणाची तरी पहाटेची आंघोळ तिथंच होते.

आमचे एक ज्येष्ठ गुरुबंधू म्हणाले, “कर भरतो, यंत्रं आहेत, आता आपण कशाला डोक्याला लावून घ्यायचं?” त्यांचं निम्मं खरं आहे. यंत्राशिवाय नुसत्या सद्भावनेनं नदी साफ होत नाही, कारखान्यांचं पाणीही आपण घरी बसून अडवू शकत नाही. पण हाच विचार आपण ताटाखालच्या जमिनीबाबत करत नाही. तिथं पाण्याचं मंडल काढतो, धुतलेलं वस्त्र नेसतो, कुणी शिवलं तर पुन्हा आंघोळ. मग ज्याचे हात आपल्या तुपानं बरबटले तो अशुद्ध, आणि ओतणारे आम्ही शुद्ध, हा हिशेब कसा जमवायचा? आम्हाला तरी अजून जमलेला नाही.

यंदा मोरीशेजारी रिकामा डबा ठेवलाय, उरलेलं तेल त्यात. भांडी आधी रद्दी कागदानं पुसायची, मग घासायची. बायका म्हणतात, पाणीही कमी लागतं.

भैयाला परवा पंगतीचं आमंत्रण द्यायला गेलो होतो. “शाम की ड्यूटी है, देखते हैं,” म्हणाला.